आप्पा मेंढरांमागं गेल्यात

जर्मनीला शिकायला जायचं नक्की झालं तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न विचारला तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी. "बोर्ड केवढा करायचा?" कोर्स कोणता, गाव कोणतं, तिथं थंडी किती, हे सगळं नंतर. आधी बोर्ड. आमच्या सोलापूरकडे आनंद झाला की फ्लेक्स लागतो, दुःख झालं की फ्लेक्स लागतो, आणि काहीच झालं नाही तर कुणाचा तरी वाढदिवस असतोच. मंद्रूपच्या पुढं आमच्या गावाकडे वळायचा फाटा आहे. तिथं आठवड्याच्या आत माझा फोटो टांगला गेला. 'परदेशी उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेली पोरं, त्यातली निम्मी मला ओळखतही नव्हती.

हा लेख खरं तर 'सोलापूर ते जर्मनी: व्हिसा, सामान, खर्च' असा लिहायचा होता. बऱ्याच जणांनी तशी मागणी केली होती, आणि ती माहिती मी देणार आहेच. पण आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण लपवाछपवीचा मला आता वीट आलाय. माझे वडील, आप्पा, जानेवारीत वारले. मला ते मार्चमध्ये कळलं. मधल्या काळात मी दर रविवारी घरी फोन करत होते आणि आप्पा कुठं आहेत असं विचारलं की उत्तर यायचं, "आप्पा मेंढरांमागं गेल्यात."

आता माहिती. व्हिसाची तारीख मिळायला महिनेच्या महिने जातात, तेव्हा प्रवेशाचं पत्र हातात पडायच्या आधीपासून कागद जमवायला लागा. वर्षभराचा खर्च खात्यात अडकवून दाखवावा लागतो. मला सरकारी शिष्यवृत्ती होती म्हणून ते टळलं. सामानात कुकर न्या, गरम कपडे नेऊ नका. आपल्याकडचे 'गरम' कपडे तिथल्या नोव्हेंबरात हसण्यावारी जातात, तिथल्या थंडीचे कपडे तिथल्याच जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त मिळतात. दूध-तुपाचं आणि मटणाचं काही नेऊ देत नाहीत. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मात्र बिनधास्त न्या. आपली कडक भाकरी महिनोन्महिने टिकते. फक्त ती बॅगेच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवा, नाहीतर तिकडं पोचल्यावर भुगा चमच्यानं खावा लागतो.

सोलापूर स्टेशनवर मला सोडायला दोन जीप भरून माणसं आली होती. आप्पा पांढरा पटका बांधून, खांद्यावर घोंगडं टाकून एका बाकाशेजारी उकिडवे बसले होते. बाकावर बसा म्हटलं तर म्हणाले, हितंच बरं हाय. माझ्या धाकट्या भावानं, बिरूनं, फोटो काढायला त्यांना उठवलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी लागल्यावर ते डब्याच्या खिडकीशी आले.

"तितं मेंढरं असत्यात का गं?" त्यांनी विचारलं.

"असतील की, आप्पा."

"बघ अन् मला सांग. कशी हायत, कोन राकतंय, काय खात्यात."

माझ्या अख्ख्या शिक्षणाबद्दल त्यांनी मला विचारलेला हा एकच प्रश्न. मी सूत आणि कापडाचं तंत्र शिकायला चालले होते, हे त्यांना कितपत कळलं होतं देव जाणे. पण मेंढरं बघून सांगायचं काम मी मनावर घेतलं. लहानपणापासून आप्पांनी मला काही काम सांगितलं आणि मी ते केलं नाही, असं झालेलं नव्हतं.

मी शिकते ते गाव पूर्व जर्मनीत आहे, नदीकाठचं आणि लहान. सरकारी वसतिगृहात जागा नव्हती म्हणून मी आणि रेणुका एका जुन्या इमारतीत खोल्या भाड्यानं घेऊन राहिलो. रेणुका माझी सोलापूरच्या कॉलेजातली मैत्रीण, मैंदर्गीची. घरात कन्नड, बाहेर मराठी, रागात दोन्ही. आमच्या इमारतीत बाकी सगळे म्हातारे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक तापट हीटर मिळून दोघींना साडेपाचशे युरो पडायचे, आणि तिथल्या मानानं ते स्वस्त होतं.

पहिले दोन महिने मी नुसती बघत होते. रविवारी दुकानं बंद, म्हणजे बंदच. शनिवारी विसरलात तर रविवारी चटणी-भाकरी. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात, त्यामुळे तिथली सुटाबुटातली माणसंसुद्धा रिकाम्या बाटल्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी असतात. मरणाच्या थंडीत लोक दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडतात आणि हवा कोंडली म्हणून आपल्याकडे रागानं बघतात. आणि खरं बोलतात. हे मला सगळ्यात जड गेलं. माझा पहिला अहवाल वाचून प्राध्यापक म्हणाले, "हे चांगलं नाही. पुन्हा करा." आपल्याकडे याच गोष्टीला चहा, घरची विचारपूस आणि 'तसं छान आहे, पण' लागलं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. महिन्याभरानं तेच म्हणाले, "आता चांगलं आहे," आणि मला जाणवलं की या माणसाच्या चांगलं म्हणण्यावर विश्वास ठेवता येतो.

आता आमच्या घराबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही धनगर. पावसाळ्यात मेंढरं गावात असतात. दिवाळी झाली की आप्पा कळप घेऊन बाहेर पडायचे आणि पुढचा पाऊस येईपर्यंत फिरतीवर असायचे, कधी भीमेच्या काठानं, कधी खाली कर्नाटकात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. लेंड्यांचं खत रानाला मिळतं, आम्हाला धान्य मिळतं. या दिवसांत आप्पांचा पत्ता विचारायचा नसतो. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, पण तो बहुधा कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत चार्जिंगला लावलेला किंवा तिथंच विसरलेला. त्यामुळे आप्पा चार-सहा आठवडे बोलले नाहीत तर आमच्याकडे कुणी काळजी करत नाही. माझ्या घरच्यांना खोटं रचावं लागलंच नाही. ते घरात तयार होतं.

नाताळच्या सुमाराला आप्पांचा शेवटचा फोन आला, कुणा शेतकऱ्याच्या मोबाइलवरून. "थंडी लई हाय म्हनं तितं," ते म्हणाले. मी म्हटलं, खूप. "मग घोंगडं न्यायचं व्हतंस की." मग विचारलं, "मेंढरं दिसली का?" मी म्हटलं, अजून नाही. "बघ बघ," ते म्हणाले आणि फोन त्या शेतकऱ्याकडं गेला. त्यानं उगाचच माझी चौकशी केली.

जानेवारीत माझ्या परीक्षा जवळ आल्या आणि घरून येणारे फोन आखूड झाले. मी अभ्यासात, मला ते बरंच वाटलं. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकदम शांत झाला. बिरू म्हणाला, भांडणं झाली म्हणून बंद केला. खरं म्हणजे मला त्यातून काढलं होतं. आई व्हिडिओवर दिसायची, पण दोन मिनिटं. कपाळाला ठसठशीत टिकली, पदर डोक्यावर, बसलेली अगदी ताठ. "जेवलीस का? अब्यास कर. ठेवते." आप्पा? "मेंढरांमागं गेल्यात. खाली कर्नाटकात उतरल्यात. रेंज न्हाय."

याच दिवसांत रेणुका अचानक गोड झाली. भांडी घासायच्या पाळीवरून आमची रोज वादावादी व्हायची, ती बंद झाली. तीच घासायला लागली. तिच्या आईनं दिलेल्या चटणीचा शेवटचा डबा तिनं माझ्या ताटात उपडा केला. मी ग्रंथालयातून आले की गरम भात तयार. परदेशात माणसं कशी जिवाभावाची होतात, यावर मी याच ब्लॉगवर एक गोडगोड नोंद लिहिली होती. जुन्या वाचकांना आठवत असेल. ती मी आता काढून टाकली आहे.

एका सकाळी आमच्या इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीचा एक कागद चिकटवलेला दिसला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आदल्या दिवशी वारले होते. नाव, दफन कधी आणि कुठं, ज्यांना यायचं त्यांनी यावं, एवढाच मजकूर. मला त्यांचं आडनाव धड उच्चारताही येत नव्हतं. जिन्यात भेटले की मान हलवायचो, तेवढीच ओळख. मी रेणुकाला मोठ्यानं वाचून दाखवलं तर ती तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडायला लागली. मला वाटलं, किती हळवी पोरगी आहे. मी तिला पाणी आणून दिलं. म्हणजे परक्या गावात एका परक्या म्हाताऱ्याचं मरण मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि घरून फोन आल्यामुळे माझ्या बापाचं मरण आधीच माहीत असलेली मुलगी माझ्यासमोर बसून रडत होती आणि मी तिचीच समजूत काढत होते.

जानेवारी संपता संपता मला मेंढरं सापडली. नदीकाठच्या कुरणात, जाळीच्या कुंपणात, दोन-अडीचशे तरी असतील. ढगळ लोकरीची, बुटकी, प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला. काठी टेकून एक उंच म्हातारा उभा होता आणि त्याच्या पायाशी काळा कुत्रा. मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की माझे वडीलही हेच करतात. त्यानं विचारलं, मेंढ्या किती? मी म्हटलं, शंभरावर. कुंपण कसलं लावतात? मी म्हटलं, कुंपण नाही, वडील स्वतःच. तो खूप हसला आणि त्यानं मला आत येऊ दिलं. मी लोकरीत हात घातला, कोकरं दाखवली, त्याची काठी दाखवली, सगळ्याचा मोठा व्हिडिओ केला आणि बिरूला पाठवून खाली लिहिलं, "आप्पांना दाखव. कसंही करून दाखव."

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "आप्पा म्हनले मेंढरं लई माजल्यात. जरा हिंडवा म्हनावं त्येला."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. अगदी आप्पाच! सातासमुद्रापारच्या धनगराला फुकटचा सल्ला. मी ते रेणुकाला ऐकवलं, वर्गात ऐकवलं, पुढच्या रविवारी मुद्दाम कुरणात जाऊन त्या म्हाताऱ्यालाही ऐकवलं. त्यानं टोपी काढून म्हटलं, वडिलांना सांगा, त्यांचं बरोबर आहे. आप्पा त्या दिवशी जाऊन तीन आठवडे झाले होते.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी संपल्या. सुट्टीत घरी यायचं तर तिकीट आधी काढा. आखातातल्या एखाद्या विमानतळावर मुक्काम करून येणारं विमान सगळ्यात स्वस्त पडतं, फक्त बसून बसून पाठ मोडते. मी घरी शनिवार सांगितला होता. विमान कंपनीनं तारीख बदलून मला एक दिवस आधीचं विमान दिलं, आणि मी ते घरी कळवलं नाही. सगळ्यांना चकित करायचं होतं. बिरू मला सोलापुरात घ्यायला येणार होता, आत्याच्या घरी नेणार होता, तिथं सगळे जमून मला सांगणार होते. बेत चांगला पक्का होता. मी एक दिवस आधी आले म्हणून तो फसला.

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी सोलापूर. स्टेशनबाहेर रिक्षावाले नेहमीसारखे वाटेल ते भाडं सांगतात. थोडं पुढं चालत जा, निम्म्यात मिळते. एसटी स्टँडवर गरम सुशीला आणि चहा घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चुरमुरे भिजवून फोडणीला घालतात, वर शेंगदाण्याचं कूट. पाच महिन्यांनी तो घास तोंडात गेला आणि मी एकटीच हसत बसले. मार्चचं ऊन सकाळीच चढायला लागलं होतं. मंद्रूपपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. तिथून फाट्यापर्यंत वडाप, म्हणजे माणसं कोंबून चालणारी जीप.

वडापमध्ये आमच्या गावची एक बाई भेटली. तिनं मला निरखून बघितलं.

"तू मायाप्पाची आश्विनी न्हवं? जर्मनीची?"

"हो, मावशी."

"एकलीच? न्यायाला कोन आलं न्हाय?"

"सांगितलंच नाही कुणाला. अचानक जायचंय."

तिचं तोंड एकदम मिटलं. तिनं पदर पुढं ओढला आणि सरकून मला खिडकीची जागा दिली. पुढं बसलेल्या दोघांनी मागं वळून बघितलं आणि परत समोर तोंड केलं. नेहमी त्या गाडीत सासू-सुनांपासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं चालतं. त्या दिवशी फाटा येईपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. उतरल्यावर मी पैसे काढले तर ड्रायव्हर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, ताई," आणि घाईघाईनं गाडी काढून गेला.

'गाव करील ते राव काय करील' म्हणतात ते खोटं नाही. अख्ख्या गावानं दोन महिने तोंडं शिवून घेतली होती. ज्यांना स्वतःच्या घरातली गोष्ट संध्याकाळपर्यंत पोटात ठेवता येत नाही, त्यांनी ही ठेवली. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. आमच्याकडे फ्लेक्स लावायची घाई असते, काढायचं काम कुणाचंच नसतं. तो वाऱ्यानं फाटायचा तेव्हा फाटतो. फाट्यावर, जिथं माझं अभिनंदन होतं, तिथं आता आप्पा होते. 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. मायाप्पा.' उन्हानं रंग उडाले होते. खाली तीच गॉगलवाली पोरं, 'शोकाकुल' म्हणून. तारीख जानेवारीची होती.

फोटो स्टेशनवरचा होता, मला कापून काढलेला. पण माझी बोटं त्यांच्या खांद्यावर तशीच राहिली होती.

मी बॅगेवर बसले. रडले नाही. मी ती तारीख वाचत होते आणि त्यानंतरचा एकेक फोन आठवत होते. कोण काय म्हणालं, मी काय म्हणाले, कुठं हसले. मला आधी दुःख झालंच नाही, लाज वाटली. बाप गेलेला असताना मी सगळ्यांना विनोद सांगत फिरत होते आणि ते सगळे 'छान' म्हणत होते.

फाट्यापासून घर वीसेक मिनिटांवर आहे. बॅग ओढत गेले. आई अंगणात पाणी मारत होती. तिनं मान वर करून मला बघितलं. कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. मग तिनं हातातली बादली टाकली आणि घरात पळाली. मला कळेना की ही पळाली का. बाहेर आली तेव्हा कपाळाला टिकली होती, घाईत वाकडी लागलेली, आणि ती हसायचा प्रयत्न करत होती.

"अगं, एकटीच आलीस? बिरू शनवारी येनार हुता की तुला न्यायाला..."

दर रविवारी ती हेच करत होती. फोनची वेळ झाली की टिकली लावायची, बांगड्या चढवायच्या, माझ्यासमोर ताठ बसायचं. फोन ठेवला की पुसायचं. पहिल्यांदा असं केलं तेव्हा आत्यानं तिला बोल लावला होता म्हणे. तरी ती करत राहिली.

"आई, पूस ती," मी म्हणाले. "मी फाट्यावरून आलेय."

त्यापुढचं नीट आठवत नाही. ती खाली बसली एवढं आठवतं. बिरू धावत आला आणि त्यानं माझे पाय धरले. मी त्याला एकच विचारलं.

"मेंढरं माजल्यात असं आप्पा म्हणाले होते ना? व्हिडिओ बघून?"

त्यानं माझे पाय सोडले.

"बिरू."

"मीच लिवलं, अक्का. रातभर इचार करत हुतो, आप्पा असते तर काय म्हनले असते."

बरोबर लिहिलं होतं त्यानं. म्हणूनच मला त्याला मारावंसं वाटलं.

हळूहळू बाकीचं कळलं. आप्पांना फिरतीवर ताप भरला, अंगावर काढला, छातीत कफ झाला. सोलापुरात दवाखान्यात ठेवलं, पाचव्या दिवशी गेले. सगळे कळवायला निघाले होते, पण तात्यांनी सांगितलं, परीक्षा होऊ दे. तात्या घरातले मोठे. त्यांनी म्हटलं की झालं. माझ्या डोक्यात एवढं पक्कं बसलं आणि मी तात्यांशी बोलणं टाकलं. ते आले की मी उठून आत जायचे. रेणुकाचे फोन येत होते, एकदा उचलला. ती म्हणाली, "मला रोज वाटायचं गं, आता सांगावं." मी म्हटलं, "मग रोज का नाही सांगितलंस?" आणि ठेवून दिला.

मार्च संपता संपता निकाल आला. सगळे विषय सुटले होते, गुणही चांगले होते. तात्यांनी लगेच सत्काराचं काढलं. घरात दुःख म्हणून वाजंत्री नको, नुसतं शाल-नारळ. मारुतीच्या देवळासमोर खुर्च्या मांडल्या. सरपंचांनी माइक हातात घेतला.

"ह्या पोरीचा बाप गेला, पन गावानं तिला कळू दिलं न्हाय! एकानं तोंड उगडलं न्हाय! म्हनून आज आपली लेक जर्मनीत पैल्या नंबरानं पास झाली!"

जर्मनीत नंबर नसतात, पण टाळ्या कडकडून वाजल्या. म्हणजे माझे गुण हा त्यांच्या बाजूचा पुरावा झाला होता. नापास झाले असते तर निदान कुणाला तरी वाटलं असतं की चुकलं. मग मला 'दोन शब्द' बोलायला उभं केलं. मी ठरवून गेले होते, पण माइक हातात आल्यावर एकच वाक्य निघालं. "मला सांगायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

आता निघायचे दिवस जवळ आले आहेत. बॅगेत पुन्हा कडक भाकरी आणि चटणी भरली जाते आहे. अशा लेखाच्या शेवटी प्रवासानं काय दिलं ते लिहायचं असतं. मला तिथलं काय आवडलं तर तो दारावरचा काळ्या चौकटीचा कागद. शिकायला बाहेर जाणाऱ्यांना व्हिसापेक्षा महत्त्वाचा सल्ला देते: जायच्या आधी घरच्यांकडून वचन घ्या की काही झालं तर त्याच दिवशी सांगतील. ते देतील. देताना खोटं बोलत नसतील. पण तुम्ही विमानात बसलात की तुम्ही त्यांच्यासाठी माणूस राहत नाही, परीक्षा बनता.

आज सकाळी मी आईजवळ चुलीपाशी ताट घेऊन बसले होते. ती भाकरी थापत होती. तात्या दारात येऊन, मला बघून परत गेले.

"त्येंच्यावर कशाला राग धरतीस," आई म्हणाली. "फोन माज्याकडं हुता."

"म्हणजे?"

"दवाखान्यात रोज म्हनायचे, आशूला लाव, मला बोलायचं हाय. बिरू लावाय निगाला हुता. मीच काडून घेतला. तसल्या नळ्या लावल्यालं बघून तू पेपराला बसली असतीस व्हय?"

"आप्पांना काय सांगितलंस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं. "म्हनलं, लावला की. उचलत न्हाय पोरगी."

"मग? आप्पा काय म्हणाले?"

"म्हनले, आसू दे. अब्यासात आसंल."

आतापर्यंत मी तात्यांवर रागावून दिवस काढत होते, आणि ते सोपं होतं. आईवर कसं रागवायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. आप्पा गेले ते मी फोन उचलत नाही असं समजून गेले, आणि मला समजून घेऊन गेले. हे आता कुणालाच, कुठं जाऊनही, दुरुस्त करता येणार नाही. मला आईचा इतका राग आला की ताटावरून उठून जावं, आणि तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघून उठवलंही नाही. तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती काढून माझ्या ताटात ठेवली.

"आई," मी विचारलं, "उद्या तुला काही झालं, तर मला त्याच दिवशी सांगतील ना?"

तिनं पुढचा गोळा हातात घेतला आणि पीठ लावत म्हणाली, "फुडली परीक्षा कवा हाय तुजी?"